पान जुनं, पण अक्षर?

हस्तलिखितांच्या विभागात काम करताना "आमच्याकडची पोथी हजार वर्षांची आहे" म्हणणारे लोक अधूनमधून येतातच, पण त्या दिवशी आलेल्या काकांकडे चक्क लॅबचा कार्बन डेटिंग रिपोर्ट होता, आणि त्यावरचा त्यांचा व्हिडिओ आधीच भरपूर फिरलेला. आमचे सर म्हणाले, यांच्या नादी लागू नकोस, आपण उत्तर दिलं की उगाच त्यांचं वजन वाढतं. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

खरी गोम अशी की रिपोर्ट खोटा नव्हताच. कार्बन डेटिंग सांगतं ते पान साधारण कधी तोडलं किंवा चामडं ज्या जनावराचं ते कधी मेलं ते, त्यावर कुणी कधी लिहिलं हे नाही. कोरं जुनं पान मिळालं की त्यावर आजही लिहिता येतं.

मी पान मायक्रोस्कोपखाली घेतलं. किडीने पाडलेल्या भोकाच्या कडेवरून शाई आत उतरली होती, आतल्या बाजूलाही लागलेली, आणि त्याच्याच खालच्या ओळीत तर भोक चुकवायला एक अक्षर आकसून लिहिलेलं. म्हणजे आधी कीड, मग लिखाण! काकांना स्क्रीनवर दाखवलं तर त्यांना लगेच कळलं, म्हणाले, "मी किती जणांना मेल केले, कुणी साधं उत्तर दिलं नाही हो." मला फार वाईट वाटलं, कारण हे काही न समजण्यासारखं नव्हतं.

२०१२ मध्ये येशूच्या बायकोचा उल्लेख असलेला पपायरसचा, म्हणजे पाणवनस्पतीपासून बनवलेल्या प्राचीन कागदाचा, तुकडा गाजला होता ना, तो पपायरसही तपासणीत सातव्या-आठव्या शतकातला निघाला. पण त्याच्याच सोबतच्या, त्याच हस्ताक्षरातल्या दुसऱ्या तुकड्यातल्या ओळी बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानाच्या १९२४ च्या छापील आवृत्तीतल्या ओळींसारख्याच तुटत होत्या, म्हणजे त्या तिथूनच उतरवलेल्या, हे एका अभ्यासकाने २०१४ मध्ये उघडपणे मांडलं, आणि मूळ तुकडा जाहीर करणाऱ्या अभ्यासक कॅरन किंग यांनीही २०१६ मध्ये तो बनावट असावा असं मान्य केलं. अभ्यासक गप्प बसले असते तर लोकांच्या डोक्यात सातवं शतकच राहिलं असतं.

सरांशी त्या संध्याकाळी बराच वाद झाला. शेवटी भोकाचे फोटो आणि समजावणी सगळ्यांसाठी टाकायची परवानगी त्यांनी दिली, काकांचं नाव न घेता. नाव मीही घेणार नव्हतेच, चूक दाव्यात होती, माणसाला कशाला झोडायचं.