मासे कुठायत?

घरात मासे ठेवायच्या पेटीचं आपल्याकडे एक ठरलेलं रूप होतं, आणि दातांच्या दवाखान्यांत ते अजून टिकून आहे. मागे निळ्याशार समुद्राचं पोस्टर, तळाला गुलाबी-पोपटी रंगवलेली खडी, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, बुडबुड्यांबरोबर झाकण उघडमीट करणारा खजिन्याचा पेटारा, आणि या सगळ्यातून फिरणारा एक नारिंगी गोल्डफिश. समुद्रासमोर गोड्या पाण्यातला मासा कसा काय, असं कुणी विचारत नसे. मासा पोहतोय ना? झालं तर. तो नायक, बाकीचं सगळं नेपथ्य.

वनस्पतींची टाकी नेमकी इथेच उलटी. तिच्यात नेपथ्यच नाटक करतं आणि मासे आले तर उशिरा, एखाद्या छोट्या भूमिकेत येतात. त्यामुळे अशी टाकी घरात आणल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो. शेजारचे काका तर चप्पल काढायच्या आधीच विचारतात, "मासे कुठायत?" दगड आहेत, झाडं आहेत, असं सांगितलं की ते सहानुभूतीने मान हलवतात. पैसे पुरले नसावेत, असा त्यांचा अंदाज असावा.

या छंदाची आजची तऱ्हा ज्या माणसाने घडवली तो ताकाशी अमानो. जपानमधल्या निगाता प्रांतात १९५४ मध्ये जन्मला, तरुणपणी सायकल शर्यतींत व्यावसायिक म्हणून उतरला, आणि मग मोठमोठे कॅमेरे घेऊन अॅमेझॉनपासून बोर्निओपर्यंतची जंगलं टिपत फिरला. १९८२ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि काचेच्या पेटीत डोंगर, कुरणं, दऱ्या उभ्या केल्या. मुळात तो छायाचित्रकार होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. का, ते पुढे येईलच. २०१५ मध्ये तो गेला. त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्याची शेवटची मोठी टाकी खुली झाली होती. ४० मीटर लांब, १ लाख ६० हजार लिटर पाण्याची.

माझी टाकी दोन फुटी. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर. लिस्बनच्या मानाने आचमनच. पण दगड, माती आणि काच धरली तर वजन ७० किलोच्या पुढे जातं. म्हणून आधी टेबल हलवून, दाबून पाहायचं आणि टाकीखाली थर्माकोलचा तक्ता घालायचा. टेबलाचा पृष्ठभाग जरा कुठे उंचसखल असला तर तळाच्या काचेवर ताण येऊ नये म्हणून. टाकी ठेवण्याची दिशा कोणती, यावर घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही. वास्तुशास्त्राची बाजू सासूबाईंनी लढवली, प्लग पॉइंटची मी. प्लग पॉइंट जिंकला.

खरी मजा दगडांत. जपानी पद्धतीत दगडांच्या मांडणीला इवागुमी म्हणतात. दगडांची संख्या विषम, त्यांतला एक थोरला, तो मध्यापासून जरा बाजूला आणि किंचित कललेला. बाकीचे त्याच्या कलाने. मधोमध का ठेवायचा नाही, हे मला पुस्तकी कारणांनी कधी पटलं नसतं. ठेवून पाहिला आणि लगेच कळलं. टाकीच्या बरोबर मध्ये उभा दगड ठेवला की त्याला शेंदूर लावावासा वाटतो. नारळ फोडायचंच काय ते बाकी राहतं. चार बोटं डावीकडे सरकवला, थोडा पुढे झुकवला, की त्याचा डोंगर होतो.

दुकानात यासाठी परदेशी नावांचे दगड किलोवर मिळतात आणि भाव ऐकला की आपण किती श्रीमंत प्रदेशात राहतो ते समजतं. अख्खा महाराष्ट्र काळ्या कातळावर बसलाय आणि मी दगड विकत आणू? बेसाल्ट टाकीला उत्तम. पाण्यात त्याचं फारसं काही उतरत नाही. एकच सांभाळायचं. आपल्या कातळातल्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. त्यांतले काही कॅल्साइटचे, आणि कॅल्साइट हळूहळू विरघळून पाणी जड करतं. पांढऱ्या ठिपक्यावर व्हिनेगरचे थेंब टाकायचे. फसफसलं तर तो दगड कुंडीत. ओढ्याच्या पात्रातल्या गुळगुळीत गोट्यांपेक्षा फुटलेले, कंगोरे असलेले दगड बरे. गोटे कसेही रचले तरी गोटेच दिसतात.

आणि दगडांच्या रेषा एका दिशेने जायला हव्यात. सगळे थर एकाच बाजूला कललेले असले की डोळ्याला ते एकाच डोंगराचे तुकडे वाटतात. ज्याने सह्याद्रीत चार पावसाळे काढलेत त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. लाव्ह्याचे आडवे थर, मध्येच सरळसोट कडा, त्याखाली उतार, पुन्हा कडा. मी दगड मांडत होते तेव्हा नवरा बाजूला उभा राहून सूचना करत होता. "अगं, हा जरा मागे घे, म्हणजे माची दिसेल." माची! फूटभर रुंदीच्या पेटीत याला माची हवी, मग बालेकिल्ला, मग चोरदरवाजा. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. माती पुढे दोन बोटं आणि मागे चांगली वीतभर चढवली, दगड मागेपुढे केले, की फूटभर रुंदीत मैलभराचं अंतर दिसायला लागतं. इवागुमीत एक अगदी धाकटा दगडही ठेवतात. झाडं वाढली की तो झाकला जाणार हे ठाऊक असूनच तो मांडायचा. तेव्हा मला हे अति वाटलं होतं.

लावणी लांब चिमट्याने. एकेक काडी, तिरकी खोचायची, म्हणजे वर तरंगत येत नाही. तरी येते. अॅन्युबियस आणि जावा फर्न यांचे कंद मात्र मातीत पुरायचे नसतात, पुरले तर सडतात. त्यांना दगडाला दोऱ्याने बांधायचं किंवा फेविक्विकच्या थेंबाने चिकटवायचं. झाडाला फेविक्विक लावताना सासूबाईंनी मला पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत.

मागच्या बाजूला रोटाला लावली. प्लास्टिकच्या इवल्याशा कपात, जेलीत वाढवलेली, लेबलवर लॅटिन नाव, चांगली किंमत. याच कुळातल्या काही जाती आपल्या भातखाचरांत आणि कातळी सड्यांवरच्या डबक्यांत पावसाळ्यात मुकाट वाढत असतात, आणि आपण त्यांवरून ट्रेकचे बूट घेऊन जातो. क्रिप्टोकोरिनचंही तेच. तिची एक जात आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत राहते. म्हणून तिथून उपटून आणावी असं मात्र नाही. सड्यावरची वनस्पती सड्यावरच बरी. वर्षातले तीन-चार महिने तिचे, बाकीचे कातळाचे, हा तिचा हिशेब दिवाणखान्यात जमत नाही.

यानंतर सुरू होतो तो काळ, ज्यात काकांचा प्रश्न रोज येतो. नव्या टाकीत लगेच मासे सोडले तर ते मरतात. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून, कुजलेल्या पानांतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे माशांना बरंचसं चालतं आणि झाडांना आवडतं. ही दोन्ही मंडळी दगडांवर, मातीत, फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. कुणाच्या चालत्या टाकीतल्या फिल्टरचा मळका स्पंज मिळाला तर लवकर येतात. (मैत्रिणीकडे जाऊन "तुझ्याकडचा घाणेरडा स्पंज दे ना" म्हणायला मैत्री जुनी लागते.)

वर्षानुवर्षं आपल्याकडे हा मधला महिना कुणी पाळला नाही. शनिवारी टाकी आणली, रविवारी मासे सोडले, पुढच्या शनिवारी एकेक करून मासे वर तरंगले. मग घरातलं कुणीतरी म्हणायचं, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." किती अमोनिया संकट म्हणून खपला असेल!

त्याच महिन्यात झाडंही पानं टाकतात. रोपवाटिकेत बरीचशी पाणवनस्पती हवेत, नुसत्या ओलाव्यावर वाढवलेली असते; पाण्याखाली गेली की ती जुनी पानं गाळते आणि पाण्यातली नवी काढते. क्रिप्टोकोरिन तर अक्षरशः विरघळते. दगडांवर तपकिरी थर चढतो. पाणी गढुळतं. लाकडाचा ओंडका ठेवला असेल तर पाण्याला चहाचा रंग येतो. आणि एके सकाळी काचेवर गोगलगाय दिसते, जी आपण आणलेली नसते. झाडांबरोबर आलेल्या अंड्यांतून ती निघते. रोपं लावण्याआधी तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवली तर तिचा बंदोबस्त होतो. मी करत नाही.

कारण मला तो लंडनचा रसायनतज्ज्ञ आठवतो, रॉबर्ट वॉरिंग्टन. झाडं आणि मासे एकाच भांड्यात एकमेकांच्या आधारावर जगतील का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं ठेवली. सुरुवातीला छान चाललं, मग पिकली पानं कुजून पाणी घाण होऊ लागलं. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजलेलं खाल्लं आणि भांडं निवळलं. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. आजच्या साऱ्या टाक्यांच्या वंशावळीत ही गोगलगाय इतकी वर बसलेली असताना तिला तुरटी पाजायची म्हणजे कृतघ्नपणा.

शेवाळाचं मूळ मात्र बहुतेक वेळा घरातच सापडतं. दिव्याला टायमर लावलाय, सहा-सात तास पुरतात. त्याहून जास्त उजेड झाला की झाडांच्या आधी शेवाळ जेवायला बसतं. पण पाहुणे आले की दिवा लागतोच. "अगं, काळोखात काय ठेवलंयस? लोकांना दिसू तरी दे," असं म्हणत सासूबाई टायमर बाजूला सारून बटण दाबतात. गणपतीत तर पाहुण्यांची रीघ असते. त्यानंतर पुढची काच जुन्या एटीएम कार्डाने खरवडत मी आरास उतरवते.

शेवटी मासे आले. झेब्रा, सहा-सातच, दीडेक इंची, आडवे निळे पट्टे, एक क्षण स्वस्थ नाहीत. दुकानदाराच्या लेखी सगळ्यांत स्वस्त माल. आपल्या उपखंडातल्या ओढ्या-खाचरांतला हा मासा. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत याला मोठा मान आहे. आमच्याकडे त्याला पाहून काका म्हणाले, "एवढेसेच?" मग त्यांनी सोसायटीच्या बदामाचं पिकून लाल झालेलं पान आणून दिलं, माशांना चांगलं असतं म्हणून. यात ते अगदी बरोबर होते. देशी बदामाच्या वाळक्या पानातून टॅनिन उतरतं आणि माशांना ते मानवतं. फायटर मासे पाळणारे ही पानं ऑनलाइन विकत घेतात. आमच्या इमारतीत ती रोज सकाळी झाडून टाकतात.

तर आता टाकी चांगली रुजली आहे आणि मी मांडलेला डोंगर दिसत नाही. रोटालाने कडा गिळला, मॉसने माची. पुढचं गवत मातीत राहण्याऐवजी दगडांवर चढलंय. तो मुद्दाम झाकला जाण्यासाठी ठेवायचा धाकटा दगड असतो ना, माझे सगळेच दगड तसले निघाले. सुरुवातीला मी दर रविवारी कात्री घेऊन डोंगर उकरायला बसायची. आता नाही. जागतिक स्पर्धांत टाक्या पाठवत नाहीत, त्यांचे फोटो पाठवतात. त्या एका फोटोसाठी महिनोन्महिने छाटणी होते, फोटोच्या दिवशी नळ्या-फिल्टर बाहेर काढतात, आणि नंतर पुष्कळदा ती टाकी मोडून पुढच्या वर्षीची मांडायला घेतात. अमानोचा कॅमेरा आठवला की हे रीतसरच वाटतं. त्या टाक्या पाहताना मीही तोंडात बोट घालते. पण माझ्या टाकीसमोर रोज जेवणाची ताटं मांडली जातात, तिच्या झाकणावर किल्ल्या आणि विजेचं बिल असतं. तिथे झाडांनी माझं ऐकावं असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. या घरात तसंही कोण ऐकतं.

छाटणी लागतेच तरी. छाटलेलं नदी-नाल्यात टाकायचं नाही, हे मी पक्कं पाळते. जलपर्णीने आपल्या तळ्यांचं काय केलंय ते दिसतंच आहे, आणि तीही कधीकाळी सुंदर दिसते म्हणूनच देशोदेशी नेली गेली. थोडं खतात जातं, उरलेलं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मागेल त्याला. मागे वरच्या मजल्यावरच्या वहिनी रोटालाच्या चार काड्या घेऊन गेल्या. त्यांनी त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बागेतली माती घालून खोचल्या आणि बरणी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. परवा पाहिली. माझ्याकडे दिवा, टायमर, खत आणि मोजून दिलेला उजेड एवढं सगळं असून शेंडे जेमतेम गुलाबी होतात. त्यांच्या बरणीत उन्हाने लालभडक झालेत. काचेवर शेवाळ आहे, त्याचं त्यांना काही नाही. काय घालता हो यात, मी विचारलं.

"काही नाही गं. पाणी कमी झालं की ओतते."