मामा, फ्रॉस्ट कधी?

मिनेसोटातल्या भाच्यानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मामा, तुमच्याकडं शेवटचं फ्रॉस्ट कधी असतं?" तिकडं परसात स्वीट कॉर्न लावायचं ते या तारखेवरून. मेच्या मध्यावर दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडायचं थांबलं, माती १५ अंशांपर्यंत तापली, की टोकण. उशीर झाला तर शरदातलं पहिलं दहिवर कणसांना ताटावरच गाठतं.

आमचं गाव लातूरकडचं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "म्हंजे हरभऱ्यावर पहाटं धडपं टाकून आंब धरत्यात, तसलं दव का?" तसलं नव्हे, पण तारीख काही सापडेना.

तारीख असते, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, रानात आंबिल-भज्जी झाली आणि त्या गुंगीतच मी बांधाकडेनं मक्याची एक ओळ टोकली. पेपरात रोज परभणीचा पारा उतरत होता. माती दहाच्या खाली गेली की मक्याचं बी हलत नाही. त्यात आमची काळी, ओली झाली की गारठा सोडत नाही. बारा दिवसांनी उकरलं, तर बी टम्म फुगून तसंच पडलेलं. उगवलं ते उशिरा. तुरा आला मार्च संपताना, आणि ऊन अडतिसावर! पस्तिशीच्या पुढं परागात जीव राहत नाही, कणसाच्या मिशा करपतात. एका मिशीमागं एक दाणा, एवढा सरळ हिशोब. कणीस सोललं तर बायको म्हणाली, "हे कणीस हाय का बोळकं?" अर्थात एकच ओळ लावणं हाही माझाच शहाणपणा. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो; तो शेजारच्या ओळीवर पडायचा, माझा बांधापलीकडं हरभऱ्यात गेला असणार.

म्हणजे भाचा थंडीपासून दिवस मोजतो, मी उन्हापासून उलटे. तुरा फेब्रुवारीतच मोकळा व्हायला हवा. तुऱ्याला दोनेक महिने, गारठ्याचे पंधरा दिवस वर धरा, म्हणजे टोकण डिसेंबरच्या मध्यापुढं ढकलायची नाही.

यंदा दिवाळीआधीच चार आखूड ओळी टोकल्या. मिशा तपकिरी झाल्यावर दाण्यात नख रोवलं. दुधासारखा रस आला. तोडल्यापासून साखरेचं पीठ व्हायला लागतं, म्हणून बायकोला फोन करून आधी आधण ठेवायला लावलं. खातानाच भाच्याला कॉल केला. त्याच्या मागच्या खिडकीत कुंपण बर्फात अर्धं बुडालं होतं.