एका जुन्या संकेतस्थळावरचे दुवे गोळा करताना

आमच्या पक्षिमित्र मंडळाचे त्रैमासिक आणि त्यातील निवडक लेख गेली अनेक वर्षे मंडळाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ठेवले जात होते. गेल्या वर्षी सर्व्हर बदलायची वेळ आली, तेव्हा चिटणीसांनी माझ्याकडे एवढेच काम दिले की, जुन्या पानांवरून कोणकोणत्या फायलींकडे दुवे जातात त्यांची यादी करावी, म्हणजे काही मागे राहणार नाही. पाने चारशेच्या आसपास होती आणि ती निरनिराळ्या काळात निरनिराळ्या हातांनी तयार झालेली होती. काही कोणी स्वतः एचटीएमएलचे टॅग, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या खुणा, लिहून केलेली, काही थेट वर्डमधून एचटीएमएल म्हणून जतन केलेली. मला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा बेताची येते, आणि हे एका संध्याकाळचे काम आहे अशी माझी समजूत होती.

पहिला प्रयत्न मी रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातला ठरावीक साचा शोधणाऱ्या सूत्राने, केला. दुव्याचा पत्ता ज्यात देतात तो एचरेफ हा शब्द, त्यापुढे बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढे दुहेरी अवतरणचिन्हांमधला मजकूर शोधायचा, इतका सरळ हिशेब होता. यादी क्षणात तयार झाली. ती तशीच पाठवलीही असती, पण सहज म्हणून एक पान ब्राउझरमध्ये उघडून दुवे मोजले, तर ते १९ भरले आणि माझ्या यादीत त्या पानाचे १४च होते; शिवाय त्या १४ मधले दोन पानावर कुठे दिसतच नव्हते. मूळ मजकूर उघडल्यावर उलगडा झाला. कोणी एकेरी अवतरणचिन्हे वापरली होती, कोणी अवतरणचिन्हेच दिली नव्हती, कोणी टॅग मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहिले होते, आणि एचटीएमएलमध्ये हे सगळे चालते. न दिसणारे दोन दुवे कोणीतरी कधीकाळी टिप्पणीच्या, म्हणजे ब्राउझर जे दाखवत नाही अशा मजकुराच्या, खुणांमध्ये बंद करून ठेवले होते. अवतरणचिन्हांसाठी एक्स्प्रेशन वाढवत नेणे जमले असते, पण टिप्पणीपाशी मी थांबलो, कारण समोरची अक्षरे टिप्पणीच्या आत आहेत की बाहेर, हे ठरवायला पान पहिल्या अक्षरापासून क्रमाने वाचत यावे लागते, आणि पार्सर, म्हणजे पानाची रचना उलगडणारा प्रोग्राम, नेमके तेच काम करतो.

पायथॉनसोबत येणारा पार्सर वापरला आणि त्यावर ब्यूटिफुल सूप हे ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) घेतले. टॅगची आणि गुणधर्मांची नावे लहान अक्षरांत येणे, अवतरणचिन्हे गळून पडणे, पत्त्यातील & हे चिन्ह & अशा सांकेतिक रूपात लिहिलेले असल्यास त्याचे मूळ चिन्ह होणे, हे सगळे न सांगता होऊ लागले. तरी पहिल्याच फेरीत प्रोग्राम बंद पडला. जुन्या पानांत अँकर, म्हणजे दुव्याच्या, टॅगचा उपयोग पानातल्या एखाद्या जागेला नाव देण्यासाठीही केला जाई. अशा टॅगला एचरेफ नसतोच, आणि मी तो आहे असे धरून चाललो होतो. फक्त एचरेफ असलेलेच अँकर मागितल्यावर ती अडचण सुटली.

त्यापुढची गोष्ट अधिक चमत्कारिक होती. एका पानावर पहिल्या दुव्याचा मजकूर म्हणून जवळजवळ संपूर्ण पानच येत होते. लिहिणाऱ्याने दुवा बंद करणारा टॅग दिला नव्हता, त्यामुळे माझा पार्सर पुढचा प्रत्येक दुवा आधीच्या दुव्याच्या पोटात घालत होता. एचटीएमएलच्या अधिकृत मानकात अशा चुकांसाठीही नियम ठरवलेले आहेत: एक अँकर उघडा असताना दुसरा सुरू झाला की पहिला बंद झाला असे मानायचे. एचटीएमएल५लिब हा पार्सर ते नियम पाळतो. तो संथ आहे, पण चारशे पानांसाठी वेगाची पर्वा करण्याचे कारण नव्हते, म्हणून मी तोच स्वीकारला.

हाती आलेले पत्ते मात्र बहुतेक अर्धवट होते. दोन टिंबे आणि तिरकी रेघ, मग फोल्डरचे नाव, मग फाइल, असे पत्ते ज्या पानावर असतात त्या पानाच्या संदर्भातच पुरे होतात. मी ते उगीचच मुखपृष्ठाच्या पत्त्याला जोडत होतो. पायथॉनमध्ये यासाठी यूआरएलजॉइन हे फंक्शन आहे, पण त्याला पानाचा बरोबर पत्ता द्यावा लागतो: पुनर्निर्देशन झाले असेल, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्याच पत्त्यावर पाठवले असेल, तर शेवटी जिथे पोहोचलो तो पत्ता, आणि पानाच्या शीर्षभागात बेस टॅग असेल तर त्यात सांगितलेला पत्ता. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आहे की नाही, एवढ्यानेही उत्तर बदलते. रेघ नसेल तर शेवटचा शब्द फोल्डर न मानता फाइल मानून टाकून दिला जातो. या एका रेघेने माझा एक रविवार खाल्ला.

मराठी मजकुराचा घोळ वेगळाच होता. सर्व्हर पानाबरोबर अक्षरसंकेत कळवत नव्हता, आणि अशा वेळी पाने उतरवून घेणारे रिक्वेस्ट्स हे ग्रंथालय मजकूर पश्चिम युरोपीय संकेतात आहे असे गृहीत धरते. त्यामुळे दुव्यांची नावे अगम्य चिन्हांची रांग होऊन येत होती. तयार मजकुराऐवजी मूळ बाइट पार्सरकडे दिल्यावर त्याने पानातील माहिती देणारा मेटा टॅग पाहून संकेत ओळखला आणि देवनागरी जशीच्या तशी उमटली.

उरलेली चाळणी लवकर आटोपली. ईमेलचे दुवे आणि जावास्क्रिप्टचे दुवे वगळले, # नंतरचा भाग कापला. एका पानावर वर्ष निवडण्याची यादी होती आणि त्रैमासिकाच्या अंकांचे पत्ते त्या यादीतील पर्यायांच्या मूल्यांत दडलेले होते. तिथे अँकर शोधून काहीच हाती लागले नसते, म्हणून ते पान वेगळे हाताळले.

यादीतील प्रत्येक पत्ता खरोखर उघडतो का, हे शेवटी दोन दोन सेकंद थांबत तपासले. जे उघडले नाहीत त्यांतल्या बहुतेकांच्या फायली खरोखरच सर्व्हरवर नव्हत्या. ‘किनाऱ्यावर’ या नावाची फाइल मात्र फोल्डरमध्ये समोर दिसत होती आणि तरीही सर्व्हर ती नाही म्हणत होता. पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह टक्क्याच्या चिन्हांसह नऊ अक्षरांचे होते, त्यामुळे नुसत्या नजरेने काही कळत नव्हते. दोन्ही नावांतले युनिकोड क्रमांक एकाखाली एक छापले, तेव्हा फरक सापडला. आपला अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. फाइलचे नाव एका कीबोर्डवर टंकले गेले होते आणि दुवा दुसऱ्यावर. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची ठरलेली पद्धत, या दोन रूपांना एक मानत नाही, त्यामुळे तो उपायही चालला नाही. जोडकाचे रूप शोधून बदलणारी एक ओळ मलाच लिहावी लागली.

चिटणीसांना दोन्ही नावे शेजारी शेजारी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “अहो, पण ही तर एकच आहेत.” मग मी यादीत नावापुढे चिन्हांच्या संख्येचा एक रकाना वाढवला. फाइलच्या नावापुढे १० आहेत, दुव्यापुढे ११.