गिनीचं ग्रेडिंग : माझा अनुभव

पाच गिन्या, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन ही सोन्याची नाणी, सगळ्या पंचम जॉर्जच्या. मोडायच्या की आधी अमेरिकेतल्या एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी पारखणाऱ्या कंपन्यांकडून ग्रेडिंग करून घ्यायचं (त्या नाणं तपासून दर्जाचा आकडा देतात आणि डबीत बंद करतात), एवढंच ठरवायचं होतं.

सुरुवात काट्यापासून केली, दोन दशांश दाखवणाऱ्या. नवी गिनी ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिमी, सोनं २२ कॅरट, म्हणजे शुद्ध ७.३२ ग्रॅम. तीन गिन्या ७.९७च्या आसपास भरल्या. एक ७.९१, म्हणजे बरीच झिजलेली; ७.९४च्या खाली गेलेली गिनी ब्रिटिश कायद्यानेच चलनातून बाद व्हायची. पाचवी ८.०४! नाणं झिजतं, वाढत नाही. कड भिंगाखाली धरली तर बारा वाजताच्या जागी झाळेचा फुगवटा दिसला. कधीकाळी कडी लावलेली. अशा नाण्याला आकडा मिळत नाही. ‘डिटेल्स’ असा शेरा आणि त्याचं कारण छापून येतं.

उरलेल्या तीन दिव्याच्या तिरप्या उजेडात फिरवल्या. मूळ चकाकी असेल तर उजेडाचा पट्टा पंख्याच्या पात्यासारखा नाण्यावर फिरतो. दोन गिन्या सगळीकडून सारख्याच झळकत होत्या, आणि दहापट भिंगातून समांतर बारीक ओरखडे दिसले. सोनाराने उजाळा दिलेला. आपल्याकडच्या बहुतेक गिन्यांचं घोडं इथेच अडतं. दिसायला सुंदर, ग्रेडिंगला बाद.

राहिली एक, १९१८ची. मागच्या बाजूच्या चित्रात घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या वर मधोमध बारीक इंग्रजी ‘आय’ : मुंबईच्या टांकसाळीची खूण. जुन्या सॉव्हरिन तिथे त्या एकाच सालाच्या पडल्या, सुमारे १३ लाख. इथे ग्रेडिंगचा खरा उपयोग आहे, तो आकड्यापेक्षा अस्सलपणासाठी. सॉव्हरिनच्या नकला पुष्कळदा पुऱ्या सोन्याच्याच असतात, त्यामुळे काटा आणि टंच दोन्ही ‘बरोबर’ म्हणतात. ठसा पारखणाराच त्या ओळखतो.

हिशेब साधा. फी, जायचं-यायचं टपाल आणि विमा यांची बेरीज नाण्यामागे काढायची आणि सोन्याच्या भावावर ग्राहक जे जास्तीचं देईल त्याच्याशी ताडायची. नेहमीच्या सालाच्या नाण्यात ते जास्तीचं खर्चातच जातं. सराफ तर डबीवरचा आकडा बघतच नाही, तो वजन आणि टंचच मोजतो.

एक गोष्ट मात्र पहिल्यांदा बघायला हवी होती. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि ते देशाबाहेर पाठवायला खाजगी माणसाला मनाई आहे. म्हणजे पाठवण्याजोगी एकच गिनी, आणि नेमकी तीच पाठवता येत नाही.

चार मोडीत काढल्या. १९१८ची मायलारच्या, म्हणजे नाण्याला अपाय न करणाऱ्या प्लॅस्टिकच्या, पाकिटात ठेवली आहे. मऊ पीव्हीसीचं पाकीट टाळलं, ते काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा सोडतं. हाताळताना फक्त कडेने धरायची, आणि पुसायची अजिबात नाही.