इन्यो काउंटी : जमीन दुसऱ्यांची, कारभार आपला

कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) शंभर एकर जमीन मोजायला घेतली, तर त्यातले दोन एकरसुद्धा खासगी मालकीचे निघत नाहीत. ब्याण्णवच्या आसपास एकर अमेरिकेच्या केंद्र सरकारचे, दोनेक एकर राज्याचे आणि जवळपास चार एकर लॉस एंजेलिस शहराचे. हे शहर काउंटीच्या मुख्य ठाण्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर आहे. उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यात लोकांची घरं, दुकानं, गोठे, शाळा सगळं दाटीनं बसवलेलं. या काउंटीचा भूगोल, इतिहास आणि राज्यकारभार वेगवेगळे वाचून काही उमजत नाही. तिन्हींची गाठ या आकड्यांत आहे.

आधी आकार. इन्योचं क्षेत्रफळ २६,००० चौरस किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. २०२० च्या जनगणनेत इथली माणसं भरली १९,०१६. नगरपालिका असलेलं शहर एकच, बिशप. काउंटीचं ठाणं इंडिपेंडन्स या गावात. तिथं न्यायालय आहे, तुरुंग आहे, सगळ्या कचेऱ्या आहेत, पण स्वतःची नगरपालिका नाही.

पश्चिमेच्या सीमेवर माउंट व्हिटनी, उंची ४,४२१ मीटर. अलास्का सोडली तर बाकी सलग अमेरिकेत याहून उंच शिखर नाही. पूर्वेकडे डेथ व्हॅलीत बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल जमीन. दोन्ही एकाच काउंटीत, सरळ रेषेत १३६ किलोमीटर अंतरावर. पॅसिफिककडून येणारे ढग सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात आणि पूर्वेच्या अंगाला ओवेन्स खोऱ्यात पाऊस उरतच नाही; इंडिपेंडन्सला वर्षाकाठी पाचेक इंच पडला तरी पुष्कळ. पाणी आहे ते डोंगरावरच्या बर्फाचं. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, ओढे खाली धावतात, ओवेन्स नदीला मिळतात. नदी दक्षिणेला ओवेन्स तलावात जाऊन थांबायची. तलावाला बाहेर पडायला वाट नव्हती. आलेलं पाणी तिथंच वाफ होऊन जायचं आणि क्षार मागे राहायचे. हजारो वर्षं साचलेले हे क्षार पुढे सगळ्यांना भोवले.

इथले मूळ रहिवासी पायूट लोक या खोऱ्याला पायाहुनाडू म्हणतात, वाहत्या पाण्याची जागा. गोरे लोक येण्याआधीपासून ते ओढे अडवून, पाट काढून रानातली कंदांची कुरणं भिजवत. १८६२ च्या ४ जुलैला लष्करानं इथं छावणी टाकली, म्हणून गावाचं नाव इंडिपेंडन्स. पुढच्याच वर्षी जवळपास हजार पायूट माणसं पायी फोर्ट टेहोन या लष्करी ठाण्याकडे हाकलली गेली. गुरंवाल्यांना हवी असलेली जमीन होती ती या पाटांच्या काठचीच. १८६५ च्या सुमाराला सेरो गोर्डोच्या डोंगरात चांदी आणि शिसं सापडलं, १८६६ मध्ये काउंटी स्थापन झाली. २६ मार्च १८७२ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. लोन पाइन गावातली बहुतेक घरं कच्च्या मातीच्या विटांची, आत लाकडाची वा लोखंडाची बांधणी नसलेली. भिंती आडव्या झाल्या, २७ माणसं गेली. ठाण्यातलं विटांचं न्यायालयही पडलं. आज तिथं उभी आहे ती खांबांची देखणी इमारत १९२१ ची.

आता पाणी. १९०५ मध्ये लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन खोऱ्यात जमिनी घेत फिरू लागले. केंद्र सरकार इथं सिंचन योजना आणणार असं लोकांना वाटत होतं, त्यामुळे कित्येकांनी शंका न घेता विकल्या. शहराचे अभियंता विल्यम मल्होलंड यांनी २३३ मैलांची जलवाहिनी बांधली आणि ५ नोव्हेंबर १९१३ ला पाणी शहरात पोचलं. वाटेत एकही पंप नाही, सगळं उतारानं. अभियांत्रिकी म्हणून हे काम थोर आहेच. पण पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो, म्हणून शहराला नुसतं पाणी घेता येत नव्हतं; पाट असलेली जमीनच विकत घ्यावी लागत होती. पाटावरच्या वरच्या अंगाच्या दोन शेतकऱ्यांनी विकलं की खालच्यांकडे पाणी पोचवायला पाटाची डागडुजी करणारे हात कमी पडत. मग खालचेही विकत. एकेक पाट असाच कोरडा झाला.

१६ नोव्हेंबर १९२४ ला लोन पाइनच्या उत्तरेला अलाबामा गेट्सवर लोकांनी ताबा घेतला. कालव्याची दुरुस्ती करायची असली की आतलं पाणी बाहेर सोडण्यासाठी ठेवलेली ही दारं. लोकांनी ती उघडली आणि शहराचं पाणी चार दिवस ओवेन्स नदीत परत वाहत राहिलं. त्या आधी आणि नंतर जलवाहिनीला सुरुंगही लागले. पण लढा मोडला तो ऑगस्ट १९२७ मध्ये, चळवळीचे पुढारी असलेल्या वॉटरसन बंधूंची बँक बुडाली तेव्हा. खोऱ्यातल्या लोकांची ठेव त्याच बँकेत होती. दोघे भाऊ अफरातफरीत दोषी ठरले आणि उरलेल्यांनी शेतंच काय, गावांतले प्लॉटसुद्धा शहराला विकले. आज काउंटीत शहराच्या नावावर सुमारे अडीच लाख एकर आहेत, आणि ते खोऱ्याच्या तळाचे, पाण्याजवळचे एकर. डोंगर आणि वाळवंट सरकारचं, वस्तीला लायक सपाटी लॉस एंजेलिसची. त्यामुळे बिशपमध्ये घर शोधणाऱ्याला अवतीभवती मोकळी जमीन दिसते आणि विकत घ्यायला काहीच मिळत नाही. शहराच्या सनदेतच अट आहे: पाण्याचा हक्क विकायचा तर लॉस एंजेलिसच्या मतदारांची दोन तृतीयांश संमती हवी.

मग काउंटी चालते कशावर? एका सरकारनं दुसऱ्या सरकारच्या जमिनीवर कर लावायचा नाही हा सर्वसाधारण नियम. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत याला एक अपवाद आहे: एखाद्या शहरानं स्वतःच्या हद्दीबाहेर घेतलेली जमीन घेताना करपात्र असेल, तर ती करपात्रच राहते. इन्योसाठी त्याच कलमात खास सूत्र आहे. १९६६ साली त्या जमिनीची जी किंमत धरली होती तिला, राज्यात दरडोई जमिनीचं मूल्य तेव्हापासून किती पट झालं त्या प्रमाणानं गुणायचं. म्हणजे इथल्या असेसरनं, करासाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्यानं, प्रत्येक शेताची बाजारभावानं किंमत लावत बसायचं नाही आणि शहरानं दरवर्षी त्यावर भांडायचं नाही. मला हे सूत्र कायद्यातल्या शहाणपणाचा नमुना वाटतं. दोघांच्याही हातात नसलेला आकडा त्यांनी मोजमापाला घेतला.

केंद्र सरकारच्या जमिनीवर मात्र कर नाहीच. त्याऐवजी १९७६ च्या कायद्यानं भरपाई मिळते. ती एकरांवर मोजतात, पण लोकसंख्येनुसार तिला वरची मर्यादा आहे. लाखो एकर आणि एकोणीस हजार माणसं अशी काउंटी त्या मर्यादेलाच अडकते. शिवाय रक्कम दरवर्षी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, मंजूर करायची, त्यामुळे अंदाजपत्रक मांडताना तो आकडा पक्का नसतो. तिसरा आधार म्हणजे हॉटेलांच्या मुक्कामावरचा १२ टक्के कर, आणि त्यात डेथ व्हॅलीतल्या हॉटेलांचा वाटा मोठा. १ ते १६ ऑक्टोबर २०१३ ला केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं, राष्ट्रीय उद्यान बंद झालं. वॉशिंग्टनमधल्या भांडणाचा फटका असा थेट इंडिपेंडन्सच्या तिजोरीला बसतो.

कारभार पाहणारं मंडळ पाच जणांचं, बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. प्रत्येक जण आपल्या विभागातून चार वर्षांसाठी निवडून येतो आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखा वरून नेमलेला कुणी नाही. स्थानिक कायदे करणं आणि अंदाजपत्रक चालवणं, दोन्ही या पाचांकडेच; रोजच्या कामासाठी ते एक प्रशासक नेमतात. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), असेसर, सरकारी वकील, खजिनदार, नोंदणी अधिकारी हे मात्र स्वतंत्रपणे निवडून येतात. शेरीफच्या खात्याला किती पैसे द्यायचे हे मंडळ ठरवतं, पण त्याला काढू शकत नाही. या शेरीफच्या हद्दीत व्हिटनीच्या कड्यावर अडकलेला गिर्यारोहकही येतो आणि डेथ व्हॅलीत गाडी बंद पडलेलं कुटुंबही.

बैठका मंगळवारी, इंडिपेंडन्सला. राज्याच्या १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि जनतेला बोलायला वेळ द्यावा लागतो. नवख्या माणसाची फसगत इथं होते: विषयपत्रिकेवर नसलेली तक्रार मांडता येते, पण त्या दिवशी मंडळ तिच्यावर निर्णय घेऊ शकत नाही. काम व्हायला हवं असेल तर आधी आपल्या सुपरवायझरला गाठून विषय पत्रिकेवर आणावा. आग्नेय टोकाच्या टिकोपा गावाहून ठाणं गाठायला साडेतीन-चार तास गाडी चालवावी लागते. बाजारहाटाला तिथली माणसं नेवाडातल्या पाह्रम्पला जातात, ते पाऊण तासावर.

या मंडळाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे पाण्यावर नजर ठेवणं. १९७० मध्ये शहरानं दुसरी जलवाहिनी सुरू केली आणि ती भरायला खोऱ्यातल्या विहिरींचा उपसा वाढवला. झरे आटले, कुरणं पिवळी पडली. राज्याचा पर्यावरण कायदा तेव्हा नवा होता. १९७२ मध्ये काउंटीनं त्याच्या आधारे दावा लावला. करार व्हायला १९९१ उजाडलं. त्याचं तंत्र जवळून पाहण्यासारखं आहे. १९८४ ते १९८७ मध्ये खोऱ्यातल्या झाडोऱ्याची तुकड्यातुकड्यानं नोंद केली होती, तीच आधाररेषा. विहिरी ठरावीक निरीक्षण-जागांना जोडलेल्या. त्या जागी जमिनीत नळी रोवलेली असते आणि तिच्यातून निरनिराळ्या खोलीवरची ओल मोजतात. तिथल्या झाडोऱ्याला हंगामभर लागेल तितकी ओल मातीत नसेल, तर जोडलेली विहीर बंद; ओल पूर्ववत झाली की सुरू. दरवर्षी एप्रिलमध्ये, डोंगरावरचं बर्फ मोजून झाल्यावर, शहर वर्षाची उपशाची योजना काउंटीच्या जलविभागाकडे धाडतं.

पण घोळ होतोच. खाऱ्या कुरणातल्या गवताची मुळं दोनेक मीटर खोल जातात. भूजल त्याखाली गेलं तरी गवत लगेच मरत नाही. काही वर्षं तग धरतं, विरळ होतं आणि मग काटेरी झुडपं शिरतात. नुकसान डोळ्यांना दिसेपर्यंत उपसा कधीच होऊन गेलेला असतो. मग काउंटी म्हणते उपशामुळे, शहर म्हणतं दुष्काळामुळे, आणि दोघांच्या टेबलावर आकडे तेच असतात.

तलावाची गोष्ट याहून कडक. नदी वळवल्यावर सुमारे २८० चौरस किलोमीटरचा ओवेन्स तलाव १९२० च्या दशकात आटला. तळाच्या पापुद्र्यात धुण्याचा सोडा आणि इतर क्षार. हिवाळ्यात थंडीनं सोड्याचे स्फटिक पाणी ओढून फुगतात, पापुद्रा खालून उचलला जातो, तडकतो. मग कोरडी हवा तेच पाणी काढून घेते आणि पिठासारखी पांढरी भुकटी उरते. खोऱ्याच्या दोन भिंतींमधून वारा सुटला की ती काठच्या कीलर गावावर. हवेतल्या बारीक धुळीची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम. इथं ती कित्येक पटींनी ओलांडली जायची. १९८३ च्या राज्य कायद्यानं बिशपमधल्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला लॉस एंजेलिसवर उपाय बंधनकारक करण्याचा अधिकार दिला आणि २००१ पासून तळावर पाणी सोडणं सुरू झालं. नियम असा की उथळ भिजवलेल्या प्रत्येक चौरस मैलात ७५ टक्के जमीन ओली हवी. दुसरा उपाय खाऱ्या गवताची लागवड, तिसरा खडीचा थर. खडी ओल्या चिकणमातीत रुतते, म्हणून खाली कापडी थर घालावा लागतो. पाण्याच्या तोट्या क्षारानं बुजतात. शहराचा खर्च दोन अब्ज डॉलरवर गेला आहे. धूळ खरोखर बसली आणि उथळ पाण्यावर पाणपक्षी परत आले. डिसेंबर २००६ पासून खालच्या ओवेन्स नदीच्या ६२ मैलांतही सेकंदाला सुमारे १,१३० लिटर पाणी खेळतं. तिथली नवी अडचण पाणकणसाची: संथ, उथळ प्रवाहात ते इतकं माजतं की नदीचं पात्रच बुजतं.

याच खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ मध्ये, मंझनार छावणीत दहा हजारांवर जपानी वंशाची माणसं कोंडली गेली. जमीन लॉस एंजेलिसकडून घेतलेली. स्पॅनिशमध्ये मंझनार म्हणजे सफरचंदाची बाग. ती बाग शहरानं पाण्यासाठी विकत घेऊन सुकू दिलेल्या गावातली होती.

आणि पायूट. १९३९ मध्ये केंद्र सरकार आणि शहरात अदलाबदल झाली: पायूटांसाठी राखलेली सुमारे २,९०० एकर जमीन शहराला, त्या बदल्यात बिशप, बिग पाइन आणि लोन पाइनजवळची सुमारे १,४०० एकर त्यांना. जमिनीची अदलाबदल पुरी झाली. पाण्याचा हक्क मात्र सनदेतल्या त्याच दोन तृतीयांश मतांच्या अटीमुळे बाजूला ठेवला गेला, नंतर बघू म्हणून. ज्यांनी या खोऱ्यात पहिले पाट काढले त्यांच्या पाण्याचा हा हिशेब अजून मिटलेला नाही.