ही रद्दी आमची नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात ऐकावा लागतो. भारतातून कुणाचे ना कुणाचे आईवडील आलेले असतात, त्यांना अमेरिकेतलं आमचं विद्यापीठ दाखवायला आणतात. ग्रंथालयाच्या तळघरात माझ्या टेबलापर्यंत पोचले, चारही बाजूंचे सरकारी छापील कागदांनी भरलेले करडे रॅक बघितले, की ते हमखास म्हणतात, "हे सगळं आता कॉम्प्युटरवर मिळतं ना? मग रद्दीत का घालत नाही?" गेल्या जूनमध्ये सांगलीहून माझा मामा आला होता. त्याने तर अंदाजही बांधला, दहा-बारा टन तरी निघेल म्हणाला. त्याचं किराणा दुकान आहे, वजनाच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मामाला मी गावच्या पातेल्यांची आठवण करून दिली. देवळामागच्या खोलीत लग्नकार्याची मोठी पातेली, पराती, झारे असायचे. प्रत्येकावर देवस्थानाचं नाव कोरलेलं. एखादं पातेलं वर्षानुवर्षं एकाच वाड्यात पडून राहिलं, त्याला पोचे आले, तरी त्या घरातल्या माणसाला ते मोडीत घालता यायचं नाही. पंचांना विचारावं लागायचं. पंच आधी बघायचे, दुसऱ्या कुणाला हवंय का. माझ्या तळघरातले कागद तसेच आहेत. मालकी अमेरिकेच्या केंद्र सरकारची. आमच्याकडे आहे ती ठेव.

ही पद्धत जुनी आहे. १८१३ साली इथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, ठरवलं की आपल्या कामकाजाच्या छापील प्रती राज्यांना, विद्यापीठांना आणि ऐतिहासिक संस्थांना पाठवायच्या. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळलं, त्यात काँग्रेसचं ग्रंथालयही गेलं. एका जागी सगळं ठेवलं तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. (आपल्याकडे १९५४च्या कायद्याने प्रकाशकांना ठरावीक ग्रंथालयांना प्रती द्याव्या लागतात, त्यात मुंबईही आहे. इथे मात्र सरकार स्वतःचंच छापील वाटतं.) आज अशी ठेव सांभाळणारी ग्रंथालयं देशभरात अकराशेच्या आसपास आहेत. कागद येतात ते जीपीओकडून, म्हणजे सरकारी प्रकाशन कार्यालयाकडून. फुकट येतात, पण रॅक, जागा, माणसं, माझा पगार, यातलं काहीही सरकार देत नाही. मामाला हे ऐकून फार वाईट वाटलं. "भाडंसुद्धा नाही?" म्हणाला.

भाडं नाही, पण अटी आहेत. मी नवीन असताना मला त्या वाचून माहीत होत्या, कळल्या मात्र एका सकाळी. कोपऱ्यातल्या रॅकवर शेतीखात्याच्या जुन्या पत्रकांचे तीन खोके होते, कडा कुरतडलेल्या, धुळीने हात काळे होत. मी ते उत्साहाने निळ्या रिसायकलच्या डब्याशी नेऊन ठेवले. माझी वरिष्ठ बाई कॉफी घेऊन तिथून चालली होती. ती थांबली, वरचं एक पत्रक उचललं, पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. कोपऱ्यात जांभळ्या शाईचा शिक्का होता: 'डिपॉझिटरी', आणि खाली खोकं मिळाल्याची तारीख. माझ्या जन्माच्या आधीची. "हे तुझं आहे?" एवढंच तिने विचारलं. तिन्ही खोके मीच परत वर चढवले.

मग ते रीतसर काढायला शिकले. आमच्यासारखी बहुतेक ग्रंथालयं हवं ते निवडून घेतात, सगळं घेत नाहीत. सगळं घेणारी आणि कायमचं ठेवणारी ती विभागीय ग्रंथालयं. १९६२च्या कायद्याने ही रचना आली, एका राज्यात जास्तीत जास्त दोन. काही तर एकटी अनेक राज्यांचं ओझं वाहतात, मेन राज्यातलं न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटचंही बघतं. आमच्यासारख्याने निवडून घेतलेला कागद किमान पाच वर्षं ठेवायचा. नंतरही नको असेल तर यादी करून आधी विभागीय ग्रंथालयाला विचारायचं. त्यांच्याकडे जे नाही ते ते मागून घेतात. उरलेलं राज्यातल्या इतरांना, मग देशातल्या इतरांना दाखवायचं. त्यासाठी आता जीपीओची एक ऑनलाइन सोय आहे, देणाऱ्याने यादी टाकावी, घेणाऱ्याने मागावं. कुणीच मागितलं नाही तरच डबा. माझ्या त्या तीन खोक्यांतली दोन पत्रकं विभागीय ग्रंथालयाकडे नव्हती. त्यांनी ती मागवली तेव्हा मी लिफाफ्यावर पत्ता घालत होते आणि बाई मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हती.

याद्या करणं हे किचकट काम आहे, आणि त्याला कारण वर्गीकरण. हे कागद विषयवार लावलेले नसतात, कुठल्या खात्याने काढले त्यानुसार लावलेले असतात. अ‍ॅडलेड हॅसे नावाच्या तरुण बाईने १८९०च्या दशकात ही पद्धत बसवली. शेतीखातं ए, वाणिज्य सी, त्यात जनगणना सी ३. पद्धत छान आहे, फक्त सरकारने खाती हलवू नयेत. तटरक्षक दल परिवहन खात्यात होतं तेव्हा टीडी ५, २००३मध्ये ते नव्या गृहसुरक्षा खात्याकडे गेलं तेव्हा एचएस ७. नाव तेच, काम तेच, पण सासर बदललं म्हणून रॅक बदलला.

आता सगळ्यात मोठी अट. कुणीही आत यायचं, फुकट बघायचं. विद्यार्थी असो वा नसो. विद्यापीठाचं दार रात्री ओळखपत्राशिवाय उघडत नसेल, तरी या कागदांपर्यंत पोचायची वाट आम्हाला ठेवावीच लागते. दर दोन वर्षांनी जीपीओला जी प्रश्नावली भरून पाठवायची असते, तिच्यात याची विचारपूस असते. मला ही अट सगळ्यात प्रिय आहे, कारण तिच्यामुळे तळघरात अशी माणसं येतात जी एरवी विद्यापीठात पाऊल टाकणार नाहीत. एकदा खताच्या कंपनीची टोपी घातलेले एक आजोबा आले. त्यांना त्यांच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, जुनं माती-सर्वेक्षण हवं होतं. शेतीखातं अशी पुस्तकं काढायचं. मागे विमानातून काढलेल्या फोटोंचे घडीचे तक्ते आणि त्यांवर मातीच्या प्रकारांच्या रेषा. मी ए ५७.३८ च्या रॅकवरून ते काढून दिलं. त्यांनी तक्ता उलगडला, चष्मा कपाळावर सरकवला, बोट फिरवत फिरवत एका ठिकाणी थांबले. "ही झाडांची रांग वडिलांनी लावलेली. मी विकलं तेव्हा नव्या मालकाने तोडली." नंतर बराच वेळ ते त्या तक्त्यावर वाकून होते. मी दुसरं काम काढलं.

"पण ऑनलाइन?" हो, ऑनलाइन भरपूर आहे, जीपीओ स्वतःच्या गव्हइन्फो या वेबसाइटवर ठेवतं, डिजिटल सहीसकट. नवीन कागद तर आता छापूनच कमी येतात. मी काही कागदभक्त नाही, शोधायला मीही आधी स्क्रीनच उघडते. पण वेबसाइट एका हाताने बंद होते, आणि तो हात सरकारचाच असतो. ऑक्टोबर २००१मध्ये पाणीपुरवठ्याच्या स्रोतांवरची एक सीडी नष्ट करा, असं ठेव-ग्रंथालयांना सांगण्यात आलं. ११ सप्टेंबरनंतरची भीती होती, आणि मालक सरकार, त्यामुळे ऐकावं लागलं. २००४मध्ये न्यायखात्याची पाच प्रकाशनं परत मागवली, तेव्हा ग्रंथपालांनी गलका केला आणि हुकूम मागे घेतला गेला. ठेव आहे म्हणजे मालक मागू शकतो, ही या व्यवस्थेची दुखरी बाजू. पण शेकडो ठिकाणी जाऊन मागावं लागतं, आणि त्यात गलका होतो, हीसुद्धा तिचीच बाजू.

त्याच वर्षी, २००४मध्ये, ३० ऑक्टोबरला हवाई विद्यापीठाच्या हॅमिल्टन ग्रंथालयात ओढ्याचं पाणी शिरलं. तळमजल्यावर सरकारी कागद आणि नकाशे होते. तिथे ग्रंथालयशास्त्राचा वर्ग चालू होता, मुलांना खिडकी फोडून बाहेर पडावं लागलं. हवाईचं ते विभागीय ग्रंथालय, म्हणजे कायमचं ठेवणारं. संग्रह पुन्हा उभा करताना इतर ग्रंथालयांच्या जादा प्रती कामी आल्या, म्हणजे कुणाच्या तरी कोपऱ्यातले कुरतडलेले खोके. आग्नेयेकडच्या राज्यांतल्या मोठ्या ग्रंथालयांनी तर पुढे वाटणीच केली. प्रत्येकाने एखादं खातं दत्तक घ्यायचं आणि त्याचं शक्य तितकं सगळं जमवायचं. फ्लोरिडाने पनामा कालव्याचं घेतलं, केंटकीने मंदीच्या काळातल्या रोजगार योजनेचं. आता मला पनामाचं काही जादा सापडलं तर ते कुठे जाणार, हे विचारावं लागत नाही.

मामा हे सगळं ऐकून निघताना पुन्हा रद्दीवर आलाच. कुणीच मागितलं नाही तर विकता येईल ना? येईल. पण विकून जे पैसे येतील, तेसुद्धा सोबत खुलाशाची चिठ्ठी जोडून वॉशिंग्टनला पाठवायचे, असा नियम आहे. आणि इथे कागद न्यायला येणारा माणूस पैसे देत नाही, उलट आमच्याकडून घेतो. मामाने दोन मिनिटं हिशेब केला आणि वॉशिंग्टनला त्याचं बिल पाठवता येतं का, असं विचारलं.

सध्या टेबलाखाली अडतीस पुस्तिका आहेत. यादी लावली आहे, मुदत शुक्रवारी संपते. काल दुपारपर्यंत एकीला मागणी आली होती. टपालखर्च मागणारा देणार आहे.