बाभळीचं नाव का बदललं?

झाडं ओळखायच्या फेरीत बाभळीपाशी थांबलो की कुणीतरी विचारतंच, "आमच्या पुस्तकात अ‍ॅकेशिया निलोटिका लिहिलंय, तुम्ही व्हॅचेलिया निलोटिका कसं म्हणता? हे शास्त्रज्ञ सारखी नावं का बदलतात?" आवाजात थोडी नाराजीही असते. ती मला समजते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

यात दोन निर्णय आहेत. पहिला झाडांच्या नात्यांचा, दुसरा नाव कुणाकडे राहणार याचा. पहिला मला शंभर टक्के मान्य आहे. दुसरा आजही खटकतो.

अ‍ॅकेशिया ही अवाढव्य प्रजाती (जीनस, म्हणजे अनेक जातींचा एकत्र गट) होती. १,३०० हून अधिक जाती, त्यांतल्या हजाराच्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या. हरितलवकातल्या डीएनएची तुलना सुरू झाली तेव्हा दिसलं, की हा सगळा गोतावळा एका पूर्वजाचा नाहीच. ऑस्ट्रेलियातल्या जाती बाभळीपेक्षा आपल्या शिरीषाच्या गटाला जवळच्या निघाल्या. खैरही बाभळीचा सख्खा नव्हे. खरं तर नीट पाहिलं तर डोळ्यांनाही हे पटतं. बाभळीचे काटे सरळ, लांब, जोडीने येणारे आणि फुलं पिवळ्या गोंड्यांची. खैराचे काटे आखूड, आकड्यासारखे वाकलेले, फुलं लांबट तुऱ्यात. कोकण-गोव्यात जांभ्यावर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीला तर काटेच नाहीत, आणि तिचं पान म्हणजे चपटा झालेला देठ. तिचं कोवळं रोप मिळालं तर जरूर बघा. पहिली पानं बाभळीसारखी पिसांची असतात, मग देठ रुंद होत जातो आणि पिसं नाहीशी होतात. मला हे दरवेळी तितकंच नवलाचं वाटतं.

तेव्हा वाटणी अटळ होती. प्रजाती फुटली की मूळ नाव तिच्या नमुना-जातीकडे, म्हणजे ते नाव जिला बांधलेलं असतं त्या जातीकडे राहतं, असा नियम आहे. अ‍ॅकेशियाची नमुना-जाती होती आपली बाभूळच. म्हणजे नाव आफ्रिका-आशियाकडे राहायला हवं होतं. पण तसं झालं तर ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातींची नावं बदलावी लागणार, म्हणून नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियन जाती घ्यावी असा प्रस्ताव आला. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ५४.९ टक्के मतं त्याच्या विरोधात पडली. पण नावांच्या समितीने प्रस्तावाची शिफारस केली होती, आणि ती फेटाळायला ६० टक्के मतं लागत होती. प्रस्ताव टिकला, आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. कमी नावं बदलावी लागतील हा युक्तिवाद मला कळतो, तरी बहुमत विरोधात असताना नाव जावं हे मला न्याय्य वाटत नाही. बाभूळ, हिवर व्हॅचेलियात गेले; खैर, शिकेकाई सेनेगालियात. बाहेरून आणून लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अ‍ॅकेशियाच राहिली.

तरीही मी नवंच नाव वापरते, कारण त्यातून नातं खरं कळतं. आणि व्हॅचेलिया तसं नवं नाहीच, वाइट आणि आर्नट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते १८३४ मध्येच दिलं होतं. बाभळीला १७५३ मध्ये लिनियसने मिमोसा निलोटिका म्हटलं होतं, जुन्या ग्रंथांत ती अ‍ॅकेशिया अरेबिका आहे.

हे इथे थांबणारही नाही. २०२२ मध्ये प्रोसोपिस ही प्रजातीही फुटली. तिथे नियम सरळ लागला: शमीकडे प्रोसोपिस राहिलं, वेडी बाभूळ नेल्टुमा झाली.

जुनं पुस्तक टाकून देऊ नका. त्यात नव्या नावाची पेन्सिलने नोंद करा. शोधताना बाभळीसाठी निलोटिका, वेड्या बाभळीसाठी ज्युलिफ्लोरा हे नावातलं दुसरं पद धरून शोधा, या वाटण्यांत ते बदललेलं नाही. शिकेकाईचं मात्र दोन्ही पदं बदलून पाहा: अ‍ॅकेशिया कॉन्सिना आता सेनेगालिया रुगाटा आहे.